आरंभीचे मूल्य : वस्तुकेंद्री आज्ञावलीतील पहिला क्षण

भारतातील हवामान निरीक्षण केंद्रांवर रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातील पाणी मोजले जाते आणि गेल्या चोवीस तासांतील पावसाचा आकडा नोंदवहीत उतरविला जातो. कोरड्या दिवशी तेथे शून्य लिहावयाचे असते. परंतु निरीक्षक आजारी पडला आणि मापन झालेच नाही, तर शून्य लिहून चालत नाही. त्या रकान्यात नोंद नसल्याची वेगळी खूण करावी लागते. समजा, तीस दिवसांच्या महिन्यात वीसच दिवस मापन झाले आणि त्यांची बेरीज २४० मिलिमीटर आली. मोजलेल्या दिवसांची सरासरी १२ मिलिमीटर होते. उरलेल्या दहा रकान्यांत कोणी भाबडेपणाने शून्ये भरली, तर तीच सरासरी ८ वर उतरते. आभाळातून पाणी तेवढेच पडले. कागदावर मात्र एक तृतीयांश आटले.

संगणकास आज्ञा देण्याच्या शास्त्रात हा प्रश्न फार जुना आहे, आणि 'वस्तू' ही कल्पना त्या शास्त्रात आल्यापासून, म्हणजे गेल्या सहा दशकांत, त्यास निराळेच गांभीर्य प्राप्त झाले आहे. एखादी वस्तू निर्माण होते त्या क्षणी तिच्या पोटातील रकान्यांत काय असावे? शून्य असावे, काहीच नसावे, की तेथे आधीपासून जे पडलेले असेल तेच राहू द्यावे? प्रश्न क्षुल्लक वाटतो. तथापि निरनिराळ्या भाषांच्या निर्मात्यांनी त्याची इतकी निरनिराळी उत्तरे दिली आहेत, आणि त्या उत्तरांची किंमत इतरांना इतक्या वेळा मोजावी लागली आहे, की त्याचा विचार सावकाशीने करावयास हवा.

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या कप्प्यांची एक प्रचंड मांडणी होय. यातला कोणताही कप्पा कधीही रिकामा नसतो, ही गोष्ट नवख्या माणसास चटकन पटत नाही. प्रत्येक कप्प्यात शून्ये आणि एक यांची कोणती ना कोणती जुळणी असतेच. आज्ञावलीने एक कप्पा वापरून सोडून दिला, तरी त्यातील मजकूर सहसा कोणी पुसून ठेवीत नाही. शाळेत आधीच्या तासाच्या शिक्षकांनी फळा न पुसता निघून जावे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की फळ्यावरचे गणित मागच्या तासाचे आहे हे मुलांना दिसते. कप्प्यातला जुना आकडा मात्र नव्या आकड्यासारखाच दिसतो. त्यात आणखी एक फसवणूक आहे. चालक प्रणाली एखाद्या आज्ञावलीस नवी कोरी स्मृती देते तेव्हा, दुसऱ्याची गुपिते तिच्या हाती पडू नयेत म्हणून, ती बहुधा शून्यांनी भरूनच देते. त्यामुळे छोट्या चाचणीत सारे सुरळीत चालते. आज्ञावली तासन्‌तास चालू लागली, तिचेच जुने कप्पे तिला पुन्हा मिळू लागले, म्हणजे कोठे विसरलेले आरंभमूल्य आपला प्रताप दाखवू लागते. मग दोष असतो सोमवारच्या ओळीत आणि बोभाटा होतो शुक्रवारी.

प्रारंभीच्या विचारवंतांना याची जाण नव्हती असे मुळीच नाही. चार्ल्स बॅबेज यांच्या वैश्लेषिक यंत्रावर लुइजी मेनाब्रेआ यांनी लिहिलेल्या निबंधास एडा लव्हलेस यांनी १८४३ साली ज्या टिपा जोडल्या, त्यांत चलांसाठी त्यांनी एक मार्मिक चिन्हपद्धती योजिली होती. यंत्राच्या एखाद्या स्तंभावर नुसती शून्ये असतील तर त्या चलाच्या डोक्यावर डावीकडे शून्याचा अंक लिहावयाचा. त्यावर एखादे मूल्य येताच, मग ते बाहेरून ठेवलेले असो वा गणिताच्या ओघात आलेले, तेथे एकाचा अंक येतो. मूल्य बदलत गेले की हा अंकही वाढत जातो. म्हणजे चल कोणते, एवढे सांगून त्या थांबल्या नाहीत. ते आपल्या आयुष्याच्या कोणत्या अवस्थेत आहे, हेही त्यांनी कागदावर आणले. यंत्र काही पुरे झाले नाही. परंतु पुढे सव्वाशे वर्षांनी निघालेल्या कित्येक भाषांत एवढा काटेकोरपणा नव्हता, हे नमूद करण्याजोगे आहे. १९६० साली सिद्ध झालेल्या अल्गोल ६० या भाषेच्या अहवालात, आज्ञांच्या एखाद्या गटात प्रवेश होताना तेथील स्थानिक चलांची मूल्ये 'अनिश्चित' असतात, एवढेच सांगितलेले आहे. गणिती दृष्टीने हे विधान निर्दोष होय. परंतु यंत्राच्या कप्प्याला 'अनिश्चित' राहता येत नाही. त्यात काहीतरी असणारच.

याच अल्गोलच्या पायावर ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन न्यूगोर्ड यांनी सिम्युला ही भाषा उभारली. तिचे १९६७ चे रूप 'सिम्युला ६७' या नावाने ओळखले जाते, आणि आज ज्यास वस्तुकेंद्री आज्ञालेखन म्हणतात त्याचा उगम तेथेच मानतात. प्रत्यक्षातील घडामोडींची संगणकावर नक्कल करणे, हा त्यांचा मूळ उद्देश होता. त्यासाठी आकडे एकीकडे आणि कृती दुसरीकडे, अशी विभागणी त्यांना अपुरी वाटली. त्यांनी दोहोंना एकत्र बांधले. कोणत्या माहितीचे रकाने असतील आणि त्या माहितीवर कोणत्या क्रिया करता येतील, याचा आराखडा म्हणजे 'वर्ग'. त्या आराखड्यानुसार घडविलेली प्रत्येक प्रत म्हणजे 'वस्तू'. आणि त्या प्रतीपुरते, तिचे एकटीचे असे जे रकाने, ती त्या वस्तूची चले. निरीक्षण केंद्र हा वर्ग मानला, तर चेरापुंजीचे केंद्र ही एक वस्तू आणि जैसलमेरचे केंद्र ही दुसरी. दोन्ही केंद्रांत 'एकूण पाऊस' नावाचे चल आहे, पण एकाचा पाऊस दुसऱ्याच्या खात्यावर पडावयाचा नाही.

सिम्युलाने आरंभमूल्यांबाबत दोन निर्णय घेतले आणि दोन्ही दूरगामी ठरले. पहिला असा, की नवजात चलात जुना गाळ राहू द्यावयाचा नाही. संख्या असेल तर शून्य, सत्यासत्य सांगणारे चल असेल तर असत्य, आणि दुसऱ्या वस्तूकडे बोट दाखविणारे चल असेल तर 'कोणीही नाही' ही खूण. दुसरा निर्णय असा, की वर्गाच्या शरीरात लिहिलेल्या आज्ञा वस्तू निर्माण होतानाच चालविल्या जातील. म्हणजे आराखड्यातच वस्तूच्या बारशाची व्यवस्था आली. यांपैकी पहिल्या निर्णयाने नियमितपणा आणला. खरे महत्त्व मात्र दुसऱ्याचे आहे, आणि ते का, हे पाहण्यासाठी पुन्हा पर्जन्यमापकाकडे वळावे लागेल.

निरीक्षण केंद्राच्या वस्तूत पाच चले आहेत असे धरू : केंद्राचे नाव, झालेल्या मापनांची संख्या, एकूण पाऊस, एका दिवसातील सर्वात जास्त पाऊस आणि सर्वात कमी पाऊस. या पाचांतही आरंभी शून्य भरले तर काय होईल? मापनांची संख्या शून्य हे बरोबरच आहे. अद्याप एकही मापन झालेले नाही. एकूण पाऊस शून्य हेही बरोबर, कारण बेरजेचा आरंभ शून्यापासूनच व्हावयास हवा. सर्वात जास्त पाऊस शून्य धरला तरी बिघडत नाही. पाऊस कधी उणे नसतो, त्यामुळे पहिला थेंब पडताच तो आकडा आपोआप वर सरकतो. आता सर्वात कमी पाऊस पाहावा. तेथे शून्य ठेवले की ते शून्य तेथेच मुक्काम ठोकते. आषाढाचा सबंध महिना रोज धो-धो पाऊस कोसळला, तरी 'सर्वात कमी पाऊस शून्य' असेच यंत्र सांगत राहणार, कारण कोणताही खरा आकडा त्या खोट्या शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. एकाच वस्तूतील चार रकाने. तिघांना शून्य मानवले, चौथ्याला नाही. नावाच्या रकान्याचे तर बोलावयासच नको, निनावी केंद्रास काही अर्थच नाही.

आणि ज्या तिसऱ्या रकान्यास शून्य मानवले, तेही योगायोगानेच. पावसाऐवजी तापमान मोजावयास घेतले की तो योगायोग संपतो. लडाखमधील द्रास येथे जानेवारीत दिवसाचे कमाल तापमानही पुष्कळदा शून्याच्या खाली असते. तेथील महिन्याचे सर्वोच्च तापमान शोधणाऱ्या वस्तूने शून्यापासून आरंभ केला, तर सबंध महिन्यात पारा एकदाही शून्यापर्यंत चढला नसला तरी 'सर्वोच्च तापमान शून्य अंश' असा अहवाल निघेल. तो अहवाल पाहून कोणासही शंका येणार नाही. कचऱ्यातून आलेला एखादा अक्राळविक्राळ आकडा निदान डोळ्यांत तरी भरतो; सभ्य दिसणारे शून्य भरत नाही. गुणाकाराच्या बाबतीत हे आणखी सोपेपणाने दिसते : दरसाल वाढणाऱ्या किमतींचे गुणक एकामागून एक गुणावयाचे असतील, तर आरंभ एकापासून करावा लागतो. शून्यापासून केला तर सारे शून्यच.

तेव्हा आरंभीचे मूल्य हे चलाच्या जातीवरून ठरत नाही. त्या चलाकडून पुढे कोणते काम घ्यावयाचे आहे, यावरून ते ठरते. हे काम काय, ते भाषेला ठाऊक नसते. ते वर्ग लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून रकाने भरण्याची जबाबदारी अखेरीस त्याच्यावरच येऊन पडते, आणि भाषेने आपण होऊन भरलेली शून्ये त्याला त्या जबाबदारीतून मुक्त करीत नाहीत.

या विचाराला शास्त्रीय बैठक दिली ती इंग्लंडचे टोनी होअर यांनी. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी असे दाखविले, की प्रत्येक वर्गामागे एक अट असते, जी त्याच्या वस्तूंच्या बाबतीत सदैव खरी राहिली पाहिजे. आपल्या केंद्रापुरती ती अट अशी मांडता येईल : मापनांची संख्या उणे नाही; मापन झालेले असेल तर किमान पाऊस कमाल पावसाहून जास्त नाही; आणि एकूण पाऊस हा या दोहोंशी विसंगत नाही. वस्तूवरील प्रत्येक क्रियेने, आरंभी ही अट खरी होती असे गृहीत धरून, अखेरीसही ती खरी ठेवावयाची. ही साखळी मोठी सुबक आहे. पण तिची पहिली कडी कोणी अडकवावयाची? पहिल्या क्रियेपूर्वी अट खरी होती, हे कशावरून? तर वस्तूच्या जन्मसमयी ती खरी करून ठेवलेली असते यावरून. आरंभमूल्ये देण्याचे काम म्हणजे रकाने भरण्याचे कारकुनी काम नव्हे. पुढील साऱ्या सिद्धतेचा तो पाया होय. बर्ट्रंड मेयर यांनी १९८० नंतरच्या दशकात घडविलेल्या आयफेल या भाषेत ही अट वर्गातच लिहून ठेवण्याची आणि निर्मितीनंतर ती तपासून पाहण्याची सोय केली.

येथे एक विरोधाभास सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्या होअर यांनी ही शिस्त शिकविली, त्यांनीच १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेची आखणी करताना 'कोणीही नाही' हे मूल्य, म्हणजेच 'नल', प्रत्येक निर्देशक चलास लागू केले होते. सिम्युलातील तशी खूणही त्यांच्याच मांडणीशी नाते सांगते. ते अमलात आणणे अगदी सोपे होते, एवढेच त्याचे कारण त्यांनी पुढे सांगितले. २००९ साली लंडन येथील एका भाषणात त्यांनी ही आपली अब्जावधी डॉलरांची चूक झाली, अशी जाहीर कबुली दिली. स्वतःच्या चुकीचा हिशेब इतक्या मोकळेपणाने मांडणारे शास्त्रज्ञ थोडे. 'नल' हे अज्ञानाचे प्रामाणिक चिन्ह आहे यात शंका नाही. पण ते चिन्ह पाहावयास कोणी थांबत नाही, आणि जेथे वस्तू असावयास हवी तेथे पोकळी लागून आज्ञावली कोसळते.

कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात अॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेल्या स्मॉलटॉकमध्ये प्रत्येक वस्तूची सारी चले आरंभी 'निल' असतात. हे निल हीसुद्धा एक वस्तूच. तिला भलताच निरोप धाडला तर 'हे मला समजत नाही' असे ती स्पष्ट सांगते. स्मॉलटॉक-८० मध्ये नवी वस्तू मागितली की ती निलांनी भरलेली मिळे. तिला आरंभमूल्ये देणारी क्रिया वर्ग लिहिणाऱ्याने आठवणीने जोडावी लागे. ती जोडण्याची रीत इतकी सार्वत्रिक झाली, की तिच्या वंशातील फारो या भाषेने पुढे ती क्रिया आपण होऊनच करावयास आरंभ केला. रूढी आधी आणि कायदा मागाहून, असे संगणकशास्त्रातही घडते.

ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ज्या भाषेस हात घातला, ती पुढे सी प्लस प्लस म्हणून जगभर पसरली. केंब्रिजला विद्यार्थी असताना त्यांनी सिम्युला वापरली होती. आपल्या भाषेच्या अगदी पहिल्या अवस्थेतच त्यांनी वस्तूच्या निर्मितीसमयी आपोआप चालणाऱ्या क्रियेची योजना केली. तिला प्रथम 'न्यू फंक्शन' म्हणत, पुढे 'कन्स्ट्रक्टर' हे नाव रूढ झाले. यामागची कल्पना अशी, की या क्रियेने पुढील क्रियांसाठी घर लावून द्यावे, म्हणजे त्यांना प्रत्येक वेळी 'घर लागले आहे काय' असे विचारीत बसावे लागू नये. हे सारे उत्तमच. परंतु सी या जुन्या भाषेपासून मिळालेला वेगाचा आग्रह त्यांनी सोडला नाही. साध्या संख्यांच्या रकान्यांत लेखकाने काही भरले नाही, तर अनेक प्रसंगी त्यांत जुना गाळ तसाच राहतो. जे मागितले नाही त्याची किंमत घ्यावयाची नाही, हे तेथील तत्त्व. एक लाख संख्यांचा साठा घेऊन लगेच त्यात खरे आकडे ओतावयाचे असतील, तर आधी लाख शून्ये लिहिणे हा अपव्यय होय, हा युक्तिवाद खोटा नाही. मात्र ही बचत करताना विसरभोळ्याचे होणारे नुकसान त्या हिशेबात धरलेले नव्हते.

याच भाषेत आणखी एक खाचखळगा आहे. कन्स्ट्रक्टरमध्ये चलांना मूल्ये कोणत्या क्रमाने लिहिली, यास महत्त्व नाही. वर्गात ती चले ज्या क्रमाने घोषित केली, त्याच क्रमाने ती भरली जातात. लहर म्हणून असे ठरविलेले नाही. एका वर्गाला अनेक कन्स्ट्रक्टर असू शकतात, आणि वस्तू मोडताना तिचे भाग उलट्या क्रमाने मोडावे लागतात. तेव्हा क्रम एकच असला पाहिजे. पण ज्याने दुसऱ्या चलावरून पहिल्याचे मूल्य काढले, तो अद्याप न भरलेल्या रकान्यातून पाणी काढावयास जातो.

१९९५ साली आलेल्या जावा या भाषेने सिम्युलाचा मार्ग धरला : वस्तूतील प्रत्येक चल आरंभी शून्य, असत्य किंवा नल. मौज अशी, की एखाद्या क्रियेच्या आतील तात्पुरत्या चलांना मात्र जावा ही सवलत देत नाही. तेथे मूल्य न देता चल वापरले, तर कंपायलर आज्ञावली स्वीकारावयासच नकार देतो. एकाच भाषेत दोन न्याय का? क्रियेच्या आत आज्ञा कोणत्या वाटांनी जाऊ शकतील, हे कंपायलरला आधी तपासता येते. वस्तूवरच्या क्रिया मात्र बाहेरचे लोक कोणत्या क्रमाने बोलावतील, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून जेथे तपासणी अवघड, तेथे शून्याची शिदोरी देऊन तो मोकळा होतो.

वारशाच्या प्रसंगी ही शिदोरी कशी बाधते, ते पाहण्यासारखे आहे. 'निरीक्षण केंद्र' या वर्गावरून 'पर्वतीय केंद्र' हा वर्ग काढला, आणि त्यात समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचे एक चल वाढविले. लेहच्या केंद्रासाठी तेथे ३,५०० मीटर हा आकडा वर्गातच लिहून ठेवला. आता मूळ वर्गाच्या कन्स्ट्रक्टरने निर्मिती होत असतानाच 'आपले वर्णन छापा' अशी आज्ञा दिली, आणि पर्वतीय केंद्राने वर्णन छापण्याची क्रिया आपल्या पद्धतीने बदललेली असली, तर जावात ती बदललेली क्रिया चालते. पण बापाचे काम पुरे झाल्याशिवाय लेकाचे रकाने भरले जात नाहीत. परिणामी लेह समुद्रसपाटीवर आहे, असे छापून येते. क्षणभराने उंचीच्या रकान्यात ३,५०० येईल. छापलेला कागद तोवर गेलेला असतो. सी प्लस प्लस या प्रसंगी मूळ वर्गाचीच क्रिया चालविते. अपुऱ्या वस्तूला प्रौढाचे काम सांगू नये, असा तो न्याय. आणि या एका बाबतीत तोच अधिक सुज्ञ म्हटला पाहिजे.

पायथॉन या भाषेतील एक चूक तर जवळजवळ प्रत्येक शिकाऊ माणूस एकदा तरी करतो. तेथे वस्तूची चले 'इनिट' नावाच्या क्रियेत भरावयाची असतात. ती तेथे न भरता कोणी वर्गाच्या अंगातच 'नोंदी : एक कोरी यादी' असे लिहून ठेवले, तर दिसावयास आरंभमूल्य दिल्यासारखे दिसते. परंतु ती यादी वर्गाची असते, वस्तूची नव्हे. सबंध वर्गात ती एकच. मग चेरापुंजीच्या केंद्राने आपली नोंद त्यात घातली की जैसलमेरचे केंद्रही तीच नोंद आपली म्हणून वाचून दाखविते, आणि वाळवंटात मेघालयाचा पाऊस पडतो. शून्य किंवा मजकूर यांच्या बाबतीत हा घोटाळा सहसा उघड होत नाही, कारण नवे मूल्य दिले की ते त्या वस्तूपुरते वेगळे राहते. यादीत मात्र भर घातली जाते, ती बदलून दुसरी आणली जात नाही. प्रत्येकाला स्वतंत्र कोरी वही हवी असेल, तर वही जन्माच्या वेळीच द्यावी लागते. कपाटात एक ठेवून 'ज्याला हवी त्याने घ्यावी' म्हटल्याने भागत नाही.

आरंभ न झालेल्या स्मृतीची भीती रास्त आहे, पण नुसती भीतीही घातक ठरते, याचे उदाहरण लिनक्सच्या डेबियन या वितरणात घडले. गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या ओपन-एसएसएल या आज्ञासंचातील काही ओळींबद्दल, येथे आरंभमूल्य न दिलेली स्मृती वापरली जात आहे, असा इशारा तपासणीची साधने देत होती. २००६ साली त्या इशाऱ्यावरून दोन ओळी काढून टाकण्यात आल्या. त्यांपैकी एक गेली तरी फारसे बिघडणारे नव्हते. दुसरी मात्र अशी होती, की जिच्यातून यादृच्छिकतेची सारी सामग्री साठ्यात पडत असे. ती गेल्यावर किल्लीच्या घडणीत प्रक्रियेचा क्रमांक तेवढा बदलता उरला, आणि त्या क्रमांकाची मर्यादा होती ३२,७६८. ज्या किल्ल्यांची संख्या कल्पनेपलीकडची असावयास हवी होती, त्या प्रत्येक प्रकारात इतक्या थोड्या झाल्या, की कोणालाही त्या सर्व आधीच तयार करून ठेवता याव्यात. मे २००८ मध्ये हे उघडकीस आले आणि जगभरच्या व्यवस्थापकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. इशारा खरा होता. त्याचे उत्तर चुकले. रकान्यात काय आहे आणि ते तेथे कशासाठी आहे, हे न विचारता इशारा गप्प केला गेला.

अलीकडच्या भाषा अधिक कडक झाल्या आहेत. २०१४ साली आलेली स्विफ्ट ही भाषा, वस्तूच्या प्रत्येक रकान्यास मूल्य मिळाल्याखेरीज ती वस्तू कोणाच्या हाती पडू देत नाही. 'मूल्य असेल किंवा नसेल' अशी स्थिती खरोखरच असेल, तर ती चलाच्या जातीतच लिहावी लागते. आणि असे चल वापरणाऱ्यास, आत काही आहे की नाही, हे आधी पाहावेच लागते. होअर यांच्या कबुलीला दिलेले हे उत्तर समजावयास हरकत नाही. तरी या कडक शिस्तीतूनही पळवाट उरतेच. घाईत असलेला लेखक कंपायलरची तक्रार मिटविण्यापुरते रकान्यात शून्य किंवा कोरा मजकूर टाकून देतो. कंपायलर संतुष्ट होतो. रकाना भरला की नाही, एवढेच त्याला पाहता येते. भरलेले खरे आहे की नाही, हे त्याच्या आवाक्यातले नाही. निरीक्षक न येताही वहीत शून्य लिहिणारा कारकून आणि हा लेखक यांत फारसे अंतर नाही.

आपले निरीक्षण केंद्र या साऱ्या अनुभवानंतर कसे लिहावे? नाव सांगितल्याशिवाय त्याची निर्मितीच होऊ नये. म्हणून नाव ही कन्स्ट्रक्टरची मागणी ठेवावी, आणि कोऱ्या नावास तेथेच नकार द्यावा. मापनांची संख्या आणि एकूण पाऊस यांत शून्य भरावे, तेही भाषा भरीलच म्हणून सोडून न देता, स्वतः लिहून; म्हणजे पुढे वाचणाऱ्यास ते विचारपूर्वक ठेवले आहे हे कळते. कमाल आणि किमान पाऊस हे 'असेल किंवा नसेल' या जातीचे करावे आणि पहिल्या मापनाने ते दोन्ही एकदमच भरावेत. कमाल रकान्यास शून्य चालले असते, पण उद्या कोणी हाच वर्ग तापमानासाठी उचलील. नोंदींची वही प्रत्येक केंद्रास त्याच्या जन्मक्षणी नवी द्यावी. वर्णन छापणे, अहवाल धाडणे ही कामे निर्मितीत घुसडू नयेत. ती वस्तू पुरी झाल्यावर दुसऱ्या कोणी सांगावीत.

मग केंद्र स्थापन झाल्याच्या पहिल्या दिवशी, सकाळचे साडेआठ वाजण्यापूर्वी, कोणी त्याला सरासरी पाऊस विचारला, तर शून्याला शून्याने भागण्याचा खटाटोप ते करणार नाही, आणि शून्य मिलिमीटर असेही सांगणार नाही. अद्याप मापन झालेले नाही, असे ते सांगेल.